फादर थॉमस स्टीफन्स यांचें अल्पचरित्र

आमच्या नांदेड व लातूर भागांत घरीं पोथी लावण्याची चाल फार जुनी आहे. ओवी कानीं पडली कीं वडील माणसें सावरून बसतात व मुलेंही गप्प होतात. ओवीचा हा मान ओळखून ज्या परदेशी धर्मगुरूनें ख्रिस्तकथा मराठींत गाइली, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशर परगण्यांत झाला. त्यांच्या बालपणींच, १५५९ सालीं, त्या देशांत कॅथलिक मिस्सेस कायद्यानें बंदी झाली. स्वदेश सोडून ते रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्यें लिस्बनहून गलबतानें निघून ते ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचले. पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः गोव्यांतील साष्टी प्रांतांत घालविलीं.

तेथें त्यांनीं काय पाहिलें? पोर्तुगीज सत्तेनें १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडलीं होतीं. जुन्या पोथ्यांवरही बंदी होती. मिस्सा लॅटिनमध्यें होई. तिच्यांतील शब्द नवख्रिस्ती लोकांस उमगत नसत. आपल्या ग्रंथाच्या आरंभीं स्टीफन्स यांनीं एक ब्राह्मण आणिला आहे. जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कां देत नाहीं, असें तो विचारतो. ज्यांची स्वतःची उपासना मायदेशीं बंद झाली होती, त्यांस या प्रश्नांतील दुःख कळलें असावें, असें आम्हांस वाटतें. सत्तेचे हुकूम त्यांनीं बदलले नाहींत. ते त्याच काळाचे व त्याच व्यवस्थेचे पुरुष होते. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर देणें त्यांनीं आपलें कर्तव्य मानिलें.

त्यांनीं कोंकणी व मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. बोलीचें महत्त्व जाणून त्यांनीं कोंकणीचें व्याकरण रचिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापलें गेलें. पुराणासाठीं मात्र त्यांनीं पोथीची मराठी निवडली. पैठणच्या एकनाथांनीं भागवतावरील आपली टीका १५७३ सालीं पुरी केली होती. आपल्या गोदातीरीं घुमणारी तीच ओवी स्टीफन्स यांनीं हातीं घेतली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें, ३६ व ५९ अध्यायांच्या दोन भागांचें हें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं साष्टींतील राशोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. रविवारीं व सणावारीं लोक तें देवळांत ऐकूं लागले. १६१९ सालीं स्टीफन्स यांचें गोव्यांत देहावसान झालें.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढिला. तरीही हस्तलिखित प्रतींतून पुराण टिकून राहिलें. मिस्सेंत लोकभाषेस वाव मिळण्यास मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ४ डिसेंबर १९६३ चा निर्णय यावा लागला. मराठवाड्यासाठीं स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ सालीं झाला, आणि आज आमच्या भागांत मिस्सा मराठींत होते.

भाषा ओळखीची झाली कीं आदर कमी होतो, अशी शंका कित्येक वृद्धांस येते. ती अगदींच निराधार नाहीं. सोपें झालेलें आपण सहज समजून निष्काळजीपणें उच्चारूं लागतों. स्टीफन्स यांनीं लोकांस त्यांची भाषा दिली, पण ती देतांना अनेक वर्षांचे श्रम घेतले व त्या भाषेंतील अतिशय सन्मानाचें वृत्त शोधून काढिलें. तेव्हां विद्यार्थीमित्रहो, प्रार्थना मराठींत म्हणतांना शब्द स्पष्ट म्हणा, अर्थाकडे लक्ष द्या व घाई करूं नका. चाली बदलतात, यापुढेंही बदलतील. त्यांमागील हा आदर घरोघरीं जपावा, इतकेंच आमचें पालकांस सांगणें आहे.