प्रवासी इब्ने बतूता

मुलांनो, एका बाजूला अथांग समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तापलेली वाळू, असा प्रदेश डोळ्यांसमोर आणा. अरबस्तानातील ओमानचा किनारा असाच आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी इब्ने बतूता नावाचे एक तरुण प्रवासी तेथे आले होते. त्यांची ही हकिकत ऐका.

इब्ने बतूता यांचा जन्म १३०४ मध्ये मोरोक्को देशातील तंजा शहरी, काझींच्या घराण्यात झाला. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हजसाठी एकटेच घराबाहेर पडले. हज झाला, पण प्रवासाची ओढ संपली नाही.

१३३० च्या सुमारास ते पूर्व आफ्रिकेतून जहाजाने ओमानच्या बाजूला जफार बंदरात उतरले. तेथील लोक गुरांना चारा म्हणून तारली मासळी घालत. हे पाहून त्यांना मोठे नवल वाटले.

पुढे जहाज सूर गावाजवळ थांबले. समोर कलहात शहर दिसत होते. ते जवळच आहे असे समजून इब्ने बतूता पायीच निघाले. सोबत खिज्र नावाचे हिंदुस्थानी गृहस्थ आणि जहाजावरील एक वाटाड्या होता. वाटाड्याची नजर मात्र त्यांच्या कपड्यांच्या गाठोड्यावर होती. त्याने दोघांना भरतीच्या खाडीत उतरवण्याचा प्रयत्न केला. इब्ने बतूता यांनी त्याचा डाव ओळखला आणि हातातला भाला उगारला. तेव्हा तो नरमला.

खाडीपलीकडे निर्जल वाळवंट लागले. घसा कोरडा पडला. इतक्यात एक अनोळखी घोडेस्वार आला. त्याने त्यांना पाणी पाजले. मधल्या घळींमुळे वाट काही संपेना. रात्री ते एका बाभळीखाली थांबले. खिज्र आजारी पडले होते. इब्ने बतूता मात्र भाला धरून रात्रभर जागे राहिले. दुसऱ्या दिवशी ते कलहातला पोहोचले, तेव्हा त्यांचे पाय सुजले होते. शहराच्या अमीराने त्यांना सहा दिवस प्रेमाने ठेवून घेतले. तेथील लोक समुद्री व्यापारावर जगत. त्यांचा तांदूळही हिंदुस्थानातून येई.

पुढे ते दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलक यांच्या दरबारी काझी झाले. आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादही त्यांनी पाहिले. नंतर ते चीनला गेले. मायदेशी परतल्यावर त्यांनी आपला प्रवास सांगून लिहून घेतला. हा ग्रंथ १३५५ मध्ये पूर्ण झाला. तो 'रिहला' या नावाने प्रसिद्ध आहे.

आज कलहातचे अवशेषच उरले आहेत. बीबी मरियम यांची कबर मात्र तेथे उभी आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भरभराटीच्या काळातील कलहात कसे होते, हे आपल्याला 'रिहला'मधून कळते. मुलांनो, त्या रात्री इब्ने बतूता बेसावध राहिले असते, किंवा त्या घोडेस्वाराने पाणी दिले नसते, तर हा ग्रंथ आपल्या हाती आला असता का? विचार करा.