पुण्यश्लोक अहल्याबाई आणि पाण्याचा हिशेब

जाम नदीच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. चैत्र सरला की पांढुर्णा व सौंसर तालुक्यांतील विहिरी तळ गाठू लागतात, संत्र्याच्या बागा तहानेल्या होतात आणि घरोघरी हंड्याकळशांची मोजदाद सुरू होते. अशा दिवसांत अहल्याबाई होळकरांचे चरित्र आठवावे. आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, होळकरांचा नव्हे; परंतु बाईंचे पुण्य राज्याच्या सीमांत मावले नाही.

नगर प्रांतातील चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून घेतले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला सासऱ्यांनी परावृत्त केले आणि पुढे लेकाप्रमाणे कारभारात घातले. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेला. दत्तक घ्यावयास लावून दौलत आपल्या हाती ठेवण्याचा दिवाण गंगाधर यशवंतांचा बेत होता व राघोबादादांचे त्यास पाठबळ होते; बाईंनी लढाईची सिद्धता करून तो मोडून काढला, आणि नर्मदाकाठी महेश्वरास राजधानी केली.

काशीविश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, गया, ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. मंदिराशेजारी पाणी हवे, हा बाईंचा आग्रह मात्र फारसा सांगितला जात नाही. वेरूळास घृष्णेश्वराजवळील शिवालय तीर्थाचा कुंड, जेजुरीचा होळकर तलाव, वाटेवाटेवरील विहिरी, बारवा व घाट ही त्याची साक्ष. हा खर्चही दौलतीच्या तिजोरीतून नव्हे. १७३४ साली पेशव्यांनी सासूबाई गौतमाबाईंस दिलेली खासगीची जहागीर बाईंकडे आली होती. धर्मकार्य तिच्या उत्पन्नातून चाले, आणि दौलतीचा पैसा व खासगीचा पैसा यांचे हिशेब वेगळे राहत.

बारवेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. साध्या विहिरीवर वरून मोट चालते. खाली किती उरले हे ओढणाऱ्यास सहसा दिसत नाही. बारवेत घागर घेऊन स्वतः उतरावे लागते. उपसा वाढला की पाणी एकेक पायरी खाली जाते, आणि भरलेली घागर घेऊन तेवढ्या पायऱ्या अधिक चढाव्या लागतात. उधळपट्टीचा दंड गुडघ्यांनाच भरावा लागे! शिवाय पाणी खोल, सावलीत राहिल्यामुळे उन्हाने कमी आटते, आणि भोवतालच्या खडकात मुरलेला पाऊस झिरपून आत येतो. आज कूपनलिकेवर कळ दाबली की पाणी येते. खालच्या पातळीचे दर्शन कोणासच होत नाही. बागाइतदाराने वाफे भरून द्यावे की ठिबकने झाडाच्या मुळाशी द्यावे, उपाहारगृहाने न मागता पेले भरून ठेवावेत काय, घरी भांडी वाहत्या नळाखाली घासावीत काय, हे प्रश्न बारवेच्या काळी उतरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप सुटत असत. अभिषेकाचे पाणीही गटारात न सोडता तुळशीफुलांच्या वाफ्यांत नेता येते. आपल्यापैकी काही घरांतून ही रीत आहे, ती मंदिरातही असावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

महेश्वरास बाईंनी विणकर वसविले. तेथील लुगडी अद्याप विणली जातात. राणी असूनही त्यांची राहणी मात्र पांढऱ्या वस्त्राची आणि साधी होती.

उतारवयात दैवाने पुन्हा घाला घातला. नातू नथ्याबा गेला, १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले, आणि एकुलती कन्या मुक्ताबाई आईची विनवणी न मानता सती गेली. एकेकाळी सासऱ्याच्या शब्दाखातर चितेपासून मागे फिरलेल्या स्त्रीला स्वतःच्या लेकीस मागे फिरविता आले नाही. चरित्रातील याहून दुःखद प्रसंग दुसरा नाही. त्यानंतरही कारभार व दानधर्म सुरूच राहिला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

तेथील घाट आजही उभा आहे. श्रावणात नर्मदा पायऱ्या चढून वर येते, आणि वैशाखात ती उतरली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात.