शिक्षेचे माप आणि कॅप्टन मॅकोनोची

गुन्हेगाराला किती वर्षे डांबून ठेवावे, याचा हिशेब न्यायालये काटेकोरपणे मांडतात. त्या वर्षांत त्याच्या हातून काय घडावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. या दुसऱ्या प्रश्नापायी ज्यांनी आपली कारकीर्द पणाला लावली, त्या अलेक्झांडर मॅकोनोची यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे ठरते.

१७८७ मध्ये एडिंबरो येथे जन्मलेले मॅकोनोची ब्रिटिश आरमारात अधिकारी होते. १८११ मध्ये ते फ्रेंचांच्या हाती सापडले आणि १८१४ पर्यंत त्यांनी युद्धकैदी म्हणून बंदिवास भोगला. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचे पहिले प्राध्यापक झाले. १८३७ मध्ये, आज टास्मानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत ते गव्हर्नरांचे खाजगी सचिव म्हणून गेले. तेथील कैद्यांच्या गुलामीवर त्यांनी परखड अहवाल लिहिला आणि ती नोकरी गमावली.

मार्च १८४० मध्ये नॉरफोक बेटाचा कारभार त्यांच्याकडे आला. वसाहतीत येऊन पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांचे हे बेट चाबकासाठी कुप्रसिद्ध होते. मॅकोनोची यांनी शिक्षा काळाऐवजी श्रमाने मोजली. सात वर्षांच्या शिक्षेसाठी सहा हजार, तर जन्मठेपेसाठी आठ हजार गुण ठरले. श्रमाने व सद्वर्तनाने गुण मिळत, अपराधाने ते जात. पुढच्या टप्प्यावर कैद्यांचे गट पाडून एकाच्या वर्तनाची झळ सर्वांना लागेल, अशी योजना होती. परस्परांविषयीची जबाबदारी शिकल्यावाचून मनुष्य समाजात परतण्यास योग्य होत नाही, ही त्यामागची धारणा.

त्याच वर्षी मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त त्यांनी सर्व कैद्यांना दिवसभर मोकळे सोडले, मेजवानी दिली. संध्याकाळी सारे शांतपणे परतले. सिडनीत मात्र गहजब झाला. १८४३ मध्ये गव्हर्नर गिप्स यांनी स्वतः बेट पाहून बव्हंशी अनुकूल अहवाल दिला; पण तो लंडनला पोहोचण्यापूर्वीच मॅकोनोची यांना परत बोलावण्याचा निर्णय झाला होता. १८४४ मध्ये त्यांनी बेट सोडले. पुढे बर्मिंगहॅमच्या तुरुंगावरूनही त्यांना दूर करण्यात आले. त्यांच्या कल्पना आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी राबविल्या आणि त्यांतूनच आजची पॅरोलची पद्धत आकारास आली.

ऑक्टोबर १८६० मध्ये मॅकोनोची निवर्तले. त्याच महिन्यात भारतीय दंडसंहितेस मंजुरी मिळाली, हा योगायोग बोलका आहे. त्या संहितेची जागा घेणारी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली आणि काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा कायद्यात आली. श्रमाने दोष फेडण्याची वाट अशी उशिरा का होईना, उघडली आहे. तथापि मॅकोनोची यांचा हिशेब कैदी आणि सरकार यांच्यापुरताच होता. ज्याचे नुकसान झाले तो त्यात कोठेच नव्हता. ही उणीव आपल्या व्यवस्थेतही बव्हंशी कायम आहे. गुन्हेगार ज्याचा ऋणी आहे त्याच्यापर्यंत भरपाई पोहोचावयाची असेल, तर समाजसेवेच्या तरतुदीवर थांबून चालणार नाही. मॅकोनोची यांचे अपुरे राहिलेले काम तेथूनच पुढे नेले पाहिजे.