जोआन गँपर : सभासदांचा क्लब उभारणारा परदेशी

बार्सिलोना क्लबची निळी-लाल जर्सी आज गोव्यातील गावोगावच्या मैदानांवरही दिसते. कातालोनियाच्या अस्मितेचे प्रतीक मानला जाणारा हा क्लब ज्यांनी स्थापन केला, ते मात्र कातालोनियाचे नव्हते, स्पेनचेही नव्हते.

हान्स गँपर यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे झाला. धावणे, सायकल आणि फुटबॉल यांत ते लहानपणापासून तरबेज होते. १८९६ मध्ये झ्युरिकच्या फुटबॉल क्लबच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८९८ मध्ये पोटापाण्याच्या उद्योगासाठी ते बार्सिलोनाला आले आणि हिशेबनिसाचे काम करू लागले. शहर त्यांना भावले. उणीव होती ती खेळायला सोबत्यांची.

२२ ऑक्टोबर १८९९ रोजी एका स्थानिक क्रीडापत्रात त्यांनी छोटेसे निवेदन दिले. फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्यांनी संपर्क साधावा, एवढाच त्याचा आशय होता. २९ नोव्हेंबरला सोले व्यायामशाळेत स्विस, इंग्रज, जर्मन आणि कातालान तरुण एकत्र जमले आणि क्लब जन्माला आला. अध्यक्षपद वॉल्टर विल्ड या स्विस सहकाऱ्याकडे गेले. अवघ्या बावीस वर्षांच्या गँपर यांनी कर्णधारपद पत्करले. पुढील काही वर्षांत त्यांनी संघासाठी शंभराहून अधिक गोल केले.

खरी कसोटी पुढेच होती. १९०५ नंतर यशाने पाठ फिरवली, खेळाडू पांगले आणि १९०८ मध्ये सभासदांची संख्या अवघ्या ३८ वर आली. क्लब बंद करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा २ डिसेंबर १९०८ रोजी गँपर यांनी अध्यक्षपद स्वीकारले. सभासद व्हा, असे आर्जव करीत ते व्यापारी आणि मित्रांच्या दारी गेले. १९०९ मध्ये क्लबला इंदुस्त्रिया रस्त्यावर हक्काचे मैदान मिळाले. तेथील कुंपणाच्या भिंतीवर पाठमोऱ्या बसणाऱ्या गर्दीवरूनच बार्सिलोनाच्या चाहत्यांना त्यांचे विनोदी टोपणनाव पडले. १९२२ मध्ये लेस कोर्त्स हे मोठे मैदान उभे राहिले. १९०८ ते १९२५ या काळात गँपर यांनी पाच वेळा अध्यक्षपद सांभाळले. क्लब अडचणीत आला की त्यांना हाक जाई आणि ते धावून येत. सभासदसंख्या दहा हजारांच्या पुढे गेली.

या काळात हान्सचे जोआन झाले. त्यांनी कातालान भाषा आत्मसात केली आणि तिला क्लबच्या कारभारात स्थान दिले. याच आपलेपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. स्पेनमध्ये तेव्हा प्रिमो दे रिव्हेरा यांची हुकूमशाही होती आणि कातालान भाषा व चिन्हे यांवर निर्बंध होते. १४ जून १९२५ रोजी लेस कोर्त्सवर ब्रिटिश नौदलाच्या वाद्यवृंदाने स्पेनचे राष्ट्रगीत वाजवताच प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून निषेध केला. ब्रिटनच्या राष्ट्रगीताला मात्र टाळ्या पडल्या. सरकारने मैदानाला सहा महिन्यांसाठी टाळे ठोकले. गँपर यांना अध्यक्षपद सोडून देशाबाहेर जावे लागले. पुढे परतण्याची मुभा मिळाली, पण क्लबपासून दूर राहण्याच्या अटीवर.

ज्या संस्थेला आयुष्यातील पाव शतक दिले, तिच्या दारातही पाऊल ठेवता येऊ नये, हे दुःख मोठे होते. त्यात १९२९ च्या जागतिक मंदीत त्यांची मिळकत बुडाली आणि नैराश्याने त्यांना घेरले. ३० जुलै १९३० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. मोंजुइकच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. १९६६ पासून हंगामाच्या प्रारंभी त्यांच्या नावाचा करंडक खेळवला जातो.

परंतु गँपर यांचे खरे स्मारक करंडकाहून मोठे आहे. जगातील अनेक नामांकित क्लब आज धनाढ्यांच्या वा कंपन्यांच्या मालकीचे आहेत. बार्सिलोनाची मालकी मात्र अजूनही सभासदांकडे आहे आणि अध्यक्ष त्यांच्याच मतांनी निवडला जातो. हुकूमशहाला अध्यक्ष हटवता आला, मैदान बंद करता आले. पण हजारो सभासदांचा क्लब संपवता आला नाही. १९०८ मध्ये दारोदार फिरून गँपर यांनी जे जमवले होते, तेच अखेर क्लबच्या कामी आले.