रामचंद्रन यांचा नकाशा

गो. ना. रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी आजच्या केरळातील एर्नाकुलम येथे झाला. ते बंगलोरला विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले. पण सर सी. व्ही. रामन यांनी त्यांची हुशारी ओळखली व त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. १९५२ मध्ये ते मद्रास विद्यापीठात प्राध्यापक झाले.

आपल्या त्वचेत व हाडांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. कोलॅजेनमध्ये अशा तीन माळा दोरीच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, असे रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये दाखवले. त्यावर परदेशी शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

मग दोन अणू किती जवळ येऊ शकतात? रामचंद्रन यांनी याचे उत्तर मोजमापातून शोधले. त्यांनी अनेक स्फटिकांतील अणूंची अंतरे तपासली. काही अणू समजुतीपेक्षा अधिक जवळ येतात, असे त्यांना आढळले. ही अंतरे वापरून त्यांनी रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये एक नकाशा प्रसिद्ध केला. प्रथिनाची माळ प्रत्येक मण्याजवळ कशी वळू शकते आणि कशी वळल्यास अणू एकमेकांवर आदळतील, हे त्यावरून कळते.

७ एप्रिल २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले. आजही प्रथिनाची नवी रचना सापडली, की शास्त्रज्ञ ती रामचंद्रन यांच्या नकाशावर तपासून पाहतात.