चार्ल्स ड्रू : रक्त टिकवण्याचं शास्त्र आणि त्यापलीकडची लढाई

रक्तपेढीतून आणलेल्या पिशवीवरचं लेबल कधी नीट वाचलं आहे? त्यावर रक्तगट असतो, रक्त घेतल्याची तारीख असते, मुदत संपण्याची तारीख असते, तपासण्यांचे निकाल असतात. रक्त देणाऱ्याचा वर्ण किंवा जात मात्र नसते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्तदात्याचा वर्णही नोंदला जात होता आणि कृष्णवर्णीयांचं रक्त वेगळं ठेवलं जात होतं. त्या देशातल्या मोठ्या रक्तसंकलनाची घडी ज्यांनी बसवली, ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते.

ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. वडील गालिचे बसवण्याचं काम करत. घरची परिस्थिती बेताची, पण शिक्षणावर भर. १९२० मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या दिवसांत, त्यांची बहीण क्षयाने गेली. त्या मृत्यूनंतर त्यांचा ओढा वैद्यकाकडे वळला. अॅमहर्स्ट कॉलेजात मात्र त्यांची ओळख होती ती खेळाडू म्हणून. मैदान गाजवणाऱ्या या तरुणाकडे पुढच्या शिक्षणासाठी पैसे नव्हते. दोन वर्षं बाल्टिमोरच्या एका कॉलेजात खेळाचे प्रशिक्षक म्हणून काम करून त्यांनी पैसे साठवले. अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना जेमतेम शिरकाव होता. म्हणून त्यांनी कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ गाठलं. १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसरा क्रमांक मिळवून ते डॉक्टर झाले. तिथेच जॉन बीटी या शिक्षकांमुळे त्यांना रक्त संक्रमणाची गोडी लागली.

१९३८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे डॉ. जॉन स्कडर यांच्यासोबत त्यांनी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर काम सुरू केलं. शरीराबाहेर काढलेलं रक्त किती दिवस वापरण्याजोगं राहतं, आणि ते खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं?

रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात, हे तेव्हा माहीत होतं. ते थंड ठेवायचं, हेही माहीत होतं. पण रक्त न गोठणं आणि रक्त चांगलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेरच्या द्रवात अगदी थोडं. हा फरक टिकवायला पेशीला सतत ऊर्जा खर्चून पोटॅशियम आत ओढावं लागतं. थंडीत हे काम जवळपास थांबतं आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर पाझरू लागतं. पुढे पेशीच फुटतात आणि हिमोग्लोबिन द्रवात मिसळतं. बाटली वरून ठीक दिसत असते, आत मात्र ऱ्हास सुरू झालेला असतो. असं रक्त मोठ्या प्रमाणात दिलं, तर जास्तीचं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. स्कडर, ड्रू आणि सहकाऱ्यांनी हा पाझर दिवसागणिक मोजला. त्या काळच्या पद्धतीने साठवलेल्या रक्ताचा भरवशाचा काळ साधारण आठवड्याचाच होता.

‘रक्तपेढीचा शोध ड्रू यांनी लावला’ असं अनेकदा लिहिलं जातं. ते बरोबर नाही. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्येच रक्तपेढी सुरू केली होती. ड्रू यांचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. विखुरलेली माहिती तपासून, स्वतः मोजमापं घेऊन त्यांनी रक्तसाठवणुकीला शिस्त दिली. १९४० मध्ये साठवलेल्या रक्तावरच्या प्रबंधासाठी त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. कोलंबियाची ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते.

त्याच वर्षी ब्रिटनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. जखमींसाठी अमेरिकेतून मदत हवी होती, पण तांबड्या पेशी समुद्रापलीकडचा प्रवास सोसणार नव्हत्या. म्हणून पेशी बाजूला काढून प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, पाठवायचं ठरलं. प्लाझ्मा जास्त टिकतो आणि रक्तस्रावाने खालावलेला रक्तदाब सावरतो. मात्र त्यात जंतू शिरले, तर औषधाचंच विष होतं. न्यूयॉर्कमधल्या या मोहिमेची वैद्यकीय जबाबदारी ड्रू यांच्याकडे आली. प्रत्येक रुग्णालयाची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी सगळीकडे एकच पद्धत लावली आणि जंतुतपासणी सक्तीची केली. जानेवारी १९४१ पर्यंत सुमारे १४,५०० दात्यांचं रक्त जमलं आणि ५,००० लिटरहून जास्त प्लाझ्मा तयार झाला. त्यानंतर रेडक्रॉसच्या पथदर्शी केंद्राचेही ते प्रमुख झाले.

एप्रिल १९४१ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शल्यक्रिया विभाग सांभाळायला परतले. त्याच वर्षी, अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारास, सैन्यासाठी कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायचंच नाही असं धोरण आलं. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये ते घ्यायचं ठरलं, पण वेगळं ठेवण्याच्या अटीवर. ड्रू यांनी याचा निषेध म्हणून राजीनामा दिला, अशी कथा सांगतात. तारखा पाहिल्या तर ते आधीच परतले होते. गप्प मात्र बसले नाहीत. रक्तगट जुळणं महत्त्वाचं, दात्याच्या वर्णाचा त्याच्याशी संबंध नाही आणि या विभागणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं. पोटॅशियमचा थेंब न् थेंब मोजलेल्या माणसाच्या तोंडून हे येत होतं, म्हणून त्याला वजन होतं. रेडक्रॉसने ही वर्णनोंद बंद केली ती १९५० च्या अखेरीस.

ते पाहायला ड्रू राहिले नव्हते. हॉवर्डमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय शल्यविशारदांची एक पिढीच घडवली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं सदस्यत्व मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही, कारण वॉशिंग्टनमधली तिची शाखा कृष्णवर्णीयांना घेत नसे. १ एप्रिल १९५० रोजी सहकाऱ्यांसह रात्रभर गाडी चालवत ते टस्कीगीच्या मोफत शिबिराला निघाले होते. नॉर्थ कॅरोलिनात पहाटेनंतर डोळा लागला आणि गाडी उलटली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारल्याने ते गेले, ही दंतकथा आजही फिरते. वास्तवात तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले. सोबतच्या डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. जखमाच जीवघेण्या होत्या. वय अवघं ४५. तरीही लोकांनी त्या कथेवर विश्वास ठेवला, कारण इतर अनेकांच्या बाबतीत तसं खरोखर घडत होतं.

ड्रू यांच्या काळी अडून राहिलेलं कोडं, म्हणजे तांबड्या पेशी दीर्घकाळ टिकवणं, त्याच वर्षी सुटू लागलं. नुसतं रक्त गोठवलं तर पाण्याचं बर्फ होतं, उरलेल्या द्रवात क्षारांची तीव्रता वाढते आणि पेशी फुटतात. लंडनमध्ये डॉ. ऑड्री स्मिथ यांनी १९५० मध्ये दाखवलं, की ग्लिसरॉल मिसळल्यास पेशी गोठून पुन्हा वितळल्यावरही शाबूत राहतात. १९५१ मध्ये मॉलिसन आणि स्लोव्हिटर यांनी अशा पेशी माणसाला देऊन पाहिल्या आणि त्या शरीरात टिकल्या.

आज फ्रिजमध्ये तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस ठेवता येतात. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवल्यास १० वर्षं. पण देण्याआधी ग्लिसरॉल अनेकदा धुऊन काढावं लागतं. हे काम वेळखाऊ आणि महागडं आहे, म्हणून ते मुख्यतः दुर्मीळ गटांसाठी राखून ठेवतात. त्यातला एक गट आपल्या मुंबईच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली. या ‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. फक्त त्याच गटाचं लागतं.

बाकी सर्वांसाठी भिस्त आहे ती ४२ दिवसांच्या पिशवीवर, म्हणजेच नियमित रक्तदानावर. शिबिरांच्या हंगामात पेढ्या भरतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ओस पडतात. अपघात, प्रसूती आणि थॅलेसेमियाची मुलं मात्र हंगाम पाहून येत नाहीत. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. रक्त कोणाचं आहे अशी शंका घेणारे नातेवाईक आम्हा सरकारी डॉक्टरांना अजूनही अधूनमधून भेटतात. त्यांच्यासाठी उत्तर १९४२ मधलंच आहे. गट जुळला पाहिजे, तपासणी झालेली पाहिजे आणि पिशवी मुदतीतली पाहिजे. चौथी अट नाही.