दोन वर्षं नांगर खपला नाही, पण लक्ष्मणराव हटले नाहीत!

२० जून : लक्ष्मणराव किर्लोस्कर जयंती विशेष

मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने निघालं की पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. आज कारखाना, वसाहत, शाळा, झाडं सगळं आहे. पण या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं स्टेशन सोडलं तर निवडुंग, दगड आणि साप, एवढंच होतं. या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा करणाऱ्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची आज जयंती.

लक्ष्मणरावांना आपण उद्योजक म्हणून ओळखतो. त्यांच्या पंपाची, इंजिनाची नावं आजही रानारानांत घेतली जातात. पण माल तयार करण्याइतकंच अवघड काम त्यांच्यापुढे आणखी एक होतं. ते म्हणजे शेतकऱ्याला तो माल पटवून देणं. जाहिरात हा शब्दसुद्धा ज्या गावांना नवा होता, त्या गावांत त्यांनी आपला माल नेला. आजच्या दिवशी तीच गोष्ट सांगायची आहे.

चित्रकार व्हायचं होतं, झाले यंत्रवाले

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पुस्तकं आणि पोथ्या, पण या पोराचं मन अभ्यासात रमेना. त्याला चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची भारी हौस. वडिलांचा विरोध होता. तरी थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. कला शाळेत दाखल झाले.

तिथं एक वेगळाच पेच पडला. त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखू येत नाही, हे ध्यानात आलं. झालं, चित्रकारी संपली! दुसरा कुणी असता तर गावाकडे परत आला असता. यांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांची आराखडा-चित्रं काढायला रंग लागत नाहीत. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. फावल्या वेळात यंत्रं हाताळायची, दुरुस्त करायची, हा उद्योग चालूच.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि धंद्याची पहिली वाट दिसली. मुंबईहून ते सायकली धाडायचे आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे. नुसत्या विकून भागत नव्हतं, कारण सायकल चालवता कुणाला येत होती? म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. १८८८ साली किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव लागलं, ते अशा दुकानावर. नवी वस्तू विकायची तर आधी ती वापरायला शिकवावी लागते, हा धडा दोघा भावांना तिथंच मिळाला असं म्हणायला हरकत नाही.

पुढे तंत्रशाळेत बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि बेळगाव गाठलं. पुन्हा कुणाची चाकरी करायची नाही, हे त्यांचं ठरलं होतं.

त्या काळचा बाजार कसा होता?

इथून पुढची गोष्ट समजायची तर त्या वेळचं गाव डोळ्यांपुढे आणावं लागेल. गावात जाहिरात कशाला लागत नव्हती, कारण अनोळखी माल येतच नव्हता. नांगर, कुळव, पाभर गावचा सुतार करायचा. फाळ लोहार शेवटायचा. त्यांचं बलुतं सुगीला धान्यात जायचं, रोख पैशाची गरज नाही. सुतार ओळखीचा, त्याचा बापही ओळखीचा. नांगर बिघडला तर बोलवायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं.

रोख पैसा निघायचा तो जनावरांच्या बाजारात. आपल्या भागात खरसुंडीची यात्रा खिलार जनावरांसाठी नावाजलेली आहे. ते गाव आज आटपाडी तालुक्यात येतं आणि तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. अशा बाजारात जनावराची जाहिरात कशी व्हायची? शिंगं तासून रंगवायची, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. ही झाली सजावट. पण शेतकरी सजावटीला भुलत नसतो. तो बैलाचे दात बघतो, दुसा की चौसा ते ठरवतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो. जमलं तर जुवाला जुंपून बघतो. मग दलाल उपरण्याखाली हात घालतो आणि बोटांच्या खुणांवर सौदा ठरतो. विकणाऱ्याच्या बोलण्याला किंमत कमी, हाताने तपासून बघितलेल्याला जास्त.

लोखंडी नांगराचे दात कुठून मोजणार? लक्ष्मणरावांपुढे पेच होता तो हा.

कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर

बेळगावच्या छोट्या कारखान्यात त्यांनी सुरुवातीला ज्या वस्तू करायला घेतल्या त्यात कडबा कापायचं यंत्र होतं. त्याचं मोल जनावरं सांभाळणाऱ्यालाच कळेल. अख्खी पेंडी टाकली की बैल पाला खातो आणि जाड धांडं दावणीत तसंच राहतं, तुडवलं जातं. बारीक कुट्टी करून घातली की वैरण वाया जात नाही. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळात आपल्या मुलखाने वैरणीवाचून जनावरं मरताना पाहिली होती. त्यामुळे या यंत्राचा उपयोग सांगायला फार शब्द लागत नव्हते. एक पेंडी कापून दावणीत टाकली की बैल स्वतःच निकाल द्यायचा.

नांगराचं तसं नव्हतं. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी विलायती नांगर बघून, आपल्या जमिनीला आणि आपल्या बैलांना मानवेल असा लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर माती नुसती फाडतो. लोखंडी नांगर ती पलटी करतो, खोल जातो, हरळी-कुंद्याची मुळं वर काढतो. काम चोख होतं. पण गिऱ्हाईक फिरकेना.

लोखंडाने जमीन नासते, काळी आई विषारी होते, अशी समजूत पक्की बसलेली होती. आज आपल्याला हसू येईल, पण हसू नये. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. एकच रान, एकच हंगाम. ते बिघडलं तर वर्षभर खायचं काय? त्यातून हा नांगर बलुत्यात मिळणार नाही, रोख पैसे मोजायला हवेत. मोडला तर गावचा सुतार हात लावणार नाही. मग बेळगावच्या एका माणसाने केलं म्हणून कुणी का घ्यावं? त्याची भीती भाबडी वाटली तरी तोट्याचा हिशेब खरा होता.

पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षं गेली. दोन वर्षं माल पडून. कामगारांचे पगार द्यायचे, लोखंडाचे पैसे द्यायचे आणि गल्ला रिकामा! याच काळात शेतकऱ्यांना नावं ठेवत धंदा बंद करणं सोपं होतं. लक्ष्मणरावांनी ते केलं नाही. नांगर बांधावर न्यायचा, रानात चालवून दाखवायचा, शेतकऱ्याचे प्रश्न ऐकायचे आणि त्यातून नांगर सुधारायचा, ही वाट त्यांनी धरली. बैलबाजारात जे चालतं तेच. जुंपून बघा आणि मग बोला. ज्या रानात नांगर चालला तिथलं पीक शेजारच्याला दिसलं आणि हळूहळू मागणी वाढू लागली. शेजाऱ्याच्या रानासारखी जाहिरात दुसरी नाही.

निवडुंगाच्या माळावर

धंदा जरा रुळतोय तोवर बेळगावात नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला लावली. उभा केलेला संसार उचलून जायचं कुठं? त्या वेळी लक्ष्मणरावांच्या हाती औंधच्या बांधकामाचं काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माणूस पारखलेला होता. त्यांनी संस्थानात हवी ती जागा घ्या म्हणून सांगितलं आणि कर्जही दिलं. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ निवडला. पाणी कमी, जमीन नापीक, पण रेल्वे दाराशी. कच्चं लोखंड आत आणायला आणि नांगर बाहेर धाडायला तीच सोयीची.

१९१० साली मोजकी कुटुंबं या माळावर उतरली. निवडुंग तोडून छपरं उभी राहिली. वसाहतीचे रस्ते, पाणी, स्वच्छता रामूअण्णांनी बघितली. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू उचलली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब आणि व्यवस्था, के. के. कुलकर्णींनी बाहेरची धावपळ. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचा विश्वास टाकला. वाडीत शिवाशिव चालणार नाही, असा नियम ठेवला. त्या काळात हे सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईना. नांगराला मागणी आहे आणि ओतायला लोखंड नाही, अशी अवस्था. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. लढाईसाठी ओतलेलं लोखंड शेतकऱ्याच्या रानात उतरलं.

खबर गावोगाव

नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पुढे पाण्याचे पंप, असा माल वाढत गेला. प्रत्येक बांधावर माणूस धाडणं आता शक्य नव्हतं. मग छापील शब्दाची गरज पडली. हे काम केलं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. ते स्वतः चित्रकार. काकांना रंग साथ देत नव्हते, पुतण्याचा हात रंगात तयार होता! जाहिरात खातं त्यांच्याकडे आलं.

१९२० साली त्यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. कारखान्याचा माल, त्याचा वापर आणि वाडीतल्या घडामोडी गिऱ्हाइकापर्यंत पोचाव्यात हा मूळ हेतू. म्हणजे बघा, महाराष्ट्रात पुढे मोठं नाव झालेलं एक मासिक जन्माला आलं ते नांगर खपवण्यासाठी. हळूहळू त्यात नवे विचार, गोष्टी, समाजसुधारणेचे लेख येऊ लागले. १९२९ पासून ते नुसतं किर्लोस्कर या नावाने निघू लागलं. पाठोपाठ १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकं आली. माळावरच्या छापखान्यातून निघालेला अंक पुण्या-मुंबईच्या घरांत वाचला जाऊ लागला.

पण खबरेला मान मिळाला तो आधीच्या पंधरा-सतरा वर्षांमुळे, हे विसरून चालणार नाही. नांगर रानात टिकला होता, म्हणून कागदावरचा शब्द टिकला. आधी छापील स्तुती आणि मागाहून माल, असं झालं असतं तर शेतकऱ्याने दुसऱ्या वर्षी तो कागद चुलीत घातला असता.

लक्ष्मणरावांनी स्वराज्य बघितलं, मुलगा शंतनुराव आणि पुढची पिढी उद्योग वाढवताना बघितली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आज आपण काय घ्यायचं?

आज आपल्या तालुक्यांत बैल, म्हैस, शेळी, कुट्टी मशीन, सगळ्यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात. फोटोत म्हैस वीस लिटर दूध देते आणि दारात आल्यावर आठ लिटर. मशीनचा व्हिडिओ भारी असतो, पण सुट्टा भाग मागितला की फोन लागत नाही. आगाऊ रक्कम पाठवून बसलेली माणसं आपल्या आसपास आहेत. एका म्हशीचे पैसे बुडाले तर लहान शेतकऱ्याचं घर दोन वर्षं मागे जातं.

म्हणून दोन्ही बाजूंनी हे चरित्र आठवावं. विकणाऱ्याने लक्ष्मणरावांसारखं आपला माल बांधावर चालवून दाखवावा, नकार ऐकून घ्यावा, माल सुधारावा. आणि घेणाऱ्याने आपल्या आज्याची रीत सोडू नये. दात मोजल्याशिवाय, धार काढून बघितल्याशिवाय, मशीन आपल्या कडब्यावर चालवल्याशिवाय पैसा हातातून सोडू नये. लक्ष्मणरावांना दोन वर्षं थांबवणारा तो शेतकरी अडाणी नव्हता, सावध होता. त्याच्या सावधपणातूनच चांगला नांगर घडला.

पुढच्या वेळी किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडी थांबली की त्या निवडुंगाच्या माळाची आणि न खपलेल्या नांगरांची आठवण जरूर काढा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन!